उपदेशकांची तालीम

आमच्या मंडळ्यांमध्ये वर्षातून एकदा तरुणांचा रविवार येतो. त्या दिवशी उपासना तरुण मुलं-मुलीच चालवतात. एक जण प्रार्थना करतो, दोघी शास्त्रपाठ वाचतात, गायनमंडळ नवं गीत बसवून आणतं आणि कुणातरी एकाला संदेश द्यायला उभं केलं जातं. तो वीसेक मिनिटं बोलतो. उपासना सुटल्यावर दारात सगळे त्याचा हात हातात घेतात, "छान बोललास रे, देव तुला वापरो" म्हणतात आणि पुढच्या वर्षापर्यंत त्याला कुणी विचारत नाही. तो कुठे अडला, त्याचं म्हणणं मागच्या बाकापर्यंत पोचलं का, शास्त्रभागात जे लिहिलंय तेच त्याने सांगितलं की भलतंच, यातलं काहीही त्याच्या कानावर जात नाही. कौतुक हवंच. पण कौतुकापाशीच काम संपतं, हे मला फार खुपतं.

मी नगरची. शहराचं नाव आता अहिल्यानगर झालं, तरी तोंडात अजून नगरच बसलं आहे. नोकरी शाळेत मराठी शिकवण्यात गेली. निवृत्तीनंतर शनिवारी संध्याकाळी चर्चच्या बाजूच्या खोलीत तरुण संघातल्या मुलांकडून मी प्रवचनाचा सराव करून घेते. मी पाळक नाही, ईश्वरविज्ञानाची पदवी माझ्याकडे नाही. जन्मभर बाकावर बसून संदेश ऐकलेली बाई मात्र आहे, आणि शिकवण्याच्या धंद्यामुळे एखादं वाक्य समोरच्याच्या डोक्यावरून कधी जातं ते चेहऱ्यावरून ओळखता येतं.

ज्यांचा चर्चशी संबंध नाही अशा वाचकांसाठी थोडं सांगते. प्रॉटेस्टंट उपासनेत प्रवचनाला फार मोठी जागा असते. पवित्र शास्त्रातला एक भाग वाचायचा आणि तो आजच्या जगण्याला कसा भिडतो ते उलगडून सांगायचं. पाळकांना याचं रीतसर शिक्षण मिळतं. पुण्यात युनायटेड थिऑलॉजिकल सेमिनरी आहे, युनियन बिब्लिकल सेमिनरी आहे. ही दुसरी संस्था आधी यवतमाळला होती, १९८३ मध्ये पुण्यात आली. पण खेड्यापाड्यांत एकेका पाळकाकडे अनेक गावं असतात. रविवारी सकाळी तो एका गावी असेल, तर बाकीच्या गावांत कुणीतरी शिक्षक, शेतकरी, कंपाउंडर उभा राहतो आणि संदेश देतो. तेव्हा उपदेश हे फक्त पदवीधरांचं काम नाही. ज्याला कधीही कॉलेजात जायचं नाही त्यालाही ते नीट करता आलं पाहिजे.

आता हे शिकायचं कसं? आपल्या मातीत याचं उत्तर फार जुनं आहे. वारकरी कीर्तनात बुवांच्या मागे टाळकरी उभे असतात. त्यांतला एखादा पोरगा वर्षानुवर्षं चाली उचलतो, अभंग पाठ करतो, बुवा कुठे थांबतात, दृष्टांत कुठे आणतात ते अंगात मुरवतो. मग एखाद्या लहान गावच्या सप्ताहात त्याला उभं राहायला सांगतात. जोग महाराजांनी १९१७ मध्ये आळंदीला वारकरी शिक्षण संस्था काढली तेव्हा या शिकण्याला शाळेचं रूप आलं, तरी मागे उभं राहून शिकणं काही सुटलं नाही.

नगरच्या ख्रिस्ती लोकांनी ही वाट लवकरच ओळखली होती. अमेरिकन मराठी मिशनने १८३१ मध्ये इथे काम सुरू केलं. त्यांच्या प्रवचनाचा साचा न्यू इंग्लंडमधल्या चर्चचा होता: मुद्दा, पुरावा, उपयोग. पण एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कृष्णराव सांगळे यांच्यासारख्यांनी बायबलमधल्या कथांवर मराठी कीर्तनं रचली, आणि पेटी-मृदंगाच्या साथीने तोच मजकूर गावाच्या पारावर ऐकू येऊ लागला. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी तर धरून ठेवलं होतं की ख्रिस्ती माणसाची भक्ती मराठी चालीवरच झाली पाहिजे. ख्रिस्ती कीर्तनकार आजही आहेत, पण थोडे. त्यांच्याबरोबर मागे उभं राहून शिकण्याची पद्धतही मागे पडली आणि तिच्या जागी दुसरं काही आलं नाही. वर्षातला तो एक रविवार तेवढा उरला.

तिकडे युरोपातही मंडळींपुढे हाच पेच होता. धर्मसुधारणेच्या काळात झ्युरिकमध्ये झ्विंग्लीने १५२५ साली पाळक आणि विद्यार्थी यांना जवळजवळ रोज एकत्र बसवून एकच शास्त्रभाग मूळ भाषेतून वाचायला लावला. त्यावर चर्चा व्हायची आणि मग कुणीतरी लोकांच्या भाषेत तो सांगायचा. हीच चाल थोड्या फरकाने इंग्लंडमध्ये गेली. एका गावात आसपासचे पाळक जमायचे, एकाच वचनावर दोघे-तिघे ओळीने बोलायचे, लहानाने आधी आणि मोठ्याने नंतर. लोकांसमोरचं बोलणं झालं की दार लावून आपापसांत एकमेकांच्या प्रवचनाची तपासणी व्हायची. राणी एलिझाबेथला या सभा धोक्याच्या वाटल्या. तिने त्या बंद करायला सांगितल्यावर आर्चबिशप ग्रिंडल यांनी १५७६ मध्ये चक्क नकार दिला आणि पुढल्या वर्षी त्यांचे अधिकार काढून घेतले गेले. तरुण पाळकांच्या सरावासाठी देशातल्या सगळ्यात मोठ्या धर्माधिकाऱ्याने आपलं पद पणाला लावावं, ही गोष्ट मी मुलांना दरवर्षी सांगते.

केंब्रिजचे चार्ल्स सिमियन हे दुसरं नाव. १७८२ पासून १८३६ मध्ये मृत्यू येईपर्यंत ते एकाच चर्चमध्ये राहिले. पाळक होऊ पाहणाऱ्या विद्यार्थ्यांना घरी बोलावून ते एखादं वचन द्यायचे, त्यावर आराखडा करून आणायला सांगायचे आणि मग एकेकाचा आराखडा सर्वांसमोर तपासायचे. त्यांच्या स्वतःच्या प्रवचनांचे २५३६ आराखडे २१ खंडांत छापले गेले. त्यांचे सहायक हेन्री मार्टिन १८०६ मध्ये कलकत्त्याला आले आणि त्यांनी नवा करार उर्दूत आणला. म्हणजे केंब्रिजमधल्या त्या बैठकीचा धागा हिंदुस्थानापर्यंत आलेला आहे.

आणि तिसरं नाव उपदेशक स्पर्जन यांचं. वयाच्या सोळाव्या वर्षी ते एका मित्राबरोबर टेव्हरशॅम नावाच्या खेड्यात निघाले होते. प्रवचन तो मित्र करणार असा त्यांचा समज; वाटेत कळलं की बोलायचं आहे ते आपल्यालाच. एका झोपडीवजा घरात शेतमजुरांपुढे ते पहिल्यांदा बोलले. पुढे लंडनमध्ये हजारोंपुढे बोलू लागल्यावर १८५६ मध्ये त्यांनी पाळकांसाठी कॉलेज काढलं आणि आधी काही काळ प्रत्यक्ष उपदेश केलेल्यांनाच तिथे घ्यायचं ठरवलं. बोलून पाहिलेल्यालाच आपल्याला काय येत नाही ते ठाऊक असतं, हे त्यांना पक्कं कळलं होतं. विद्यार्थ्यांना आयत्या वेळी विषय देऊन उभं करणं, आवाज, हातवारे, श्रोत्यांचं लक्ष, या सगळ्याचा त्यांनी बारकाईने विचार केला. ती व्याख्यानं १८७५ पासून पुस्तकरूपाने आली आणि अजून वाचली जातात.

आमच्या खोलीतलं काम याहून पुष्कळ साधं आहे. सुरुवात वाचनाने होते, आणि बरेच दिवस वाचनापलीकडे आम्ही जातच नाही. मुलांना याचा कंटाळा येतो हे मला ठाऊक आहे. पण नहेम्याच्या आठव्या अध्यायात एज्रा शास्त्री लाकडी मंचावर उभा राहून नियमशास्त्र वाचतो तेव्हा ते स्पष्ट वाचून अर्थ समजावला जातो आणि लोक रडू लागतात. वाचन इतकं मोठं काम करू शकतं. आमच्याकडे बहुतेक जण शास्त्रपाठ एका दमात उरकून टाकतात, जणू खरं काम नंतर सुरू व्हायचं आहे. म्हणून मी अम्माऊसच्या वाटेवरचा प्रसंग देते, लूक २४. दोघे शिष्य खिन्न होऊन चाललेत, तिसरा वाटसरू येऊन विचारतो, ते चालता चालता थांबतात. कोण बोलतंय ते आवाज न बदलता, नुसत्या थांबण्यावरून कळलं पाहिजे. ज्याला हे साधलं त्याचं निम्मं प्रवचन तयार झालं असं मी समजते.

त्यानंतर दहा मिनिटांचं बोलणं. हातात पोस्टकार्डाएवढा कागद, त्यावर पाच ओळींचं टिपण. अख्खं भाषण लिहून पाठ करून आलेला मुलगा एक शब्द निसटला की गडबडतो, आणि काहीच न लिहिता आलेला गोल गोल फिरत राहतो.

एका संध्याकाळची गोष्ट थोडी सविस्तर सांगते, कारण सराव म्हणजे नेमकं काय ते त्यातून कळेल. मुलगा मोटर वाइंडिंगच्या दुकानात काम करणारा. शास्त्रभाग मार्क २: चौघे जण पक्षाघात झालेल्या माणसाला बाजेवर घालून आणतात, गर्दीमुळे आत शिरता येत नाही, म्हणून छप्पर उकलून त्याला येशूपुढे खाली सोडतात. मुलाने चौघांना चार नावं दिली होती. पहिला विश्वास, दुसरा प्रार्थना, तिसरा प्रीती, चौथा एकी. प्रत्येकाला दोन-दोन वचनं जोडलेली. मेहनत भरपूर होती. हा साचा त्याने कुठूनतरी ऐकलेला होता, आमच्या भागात तो फार चालतो.

तो बसला. आमचा नियम असा की बोलणाऱ्याने बसल्यावर गप्प राहायचं, आणि ऐकणाऱ्यांनी बरं-वाईट काही न म्हणता एकेका वाक्यात सांगायचं की आपण काय ऐकलं. पहिली पाळी नेहमी एका आजींची. त्यांना वाचता येत नाही, त्यांनी बायबल सगळं कानांनीच घेतलेलं आहे. त्या म्हणाल्या, "चौघांनी एकाला आणला, एवढं कळलं बाबा." दुसऱ्याला तीन नावं आठवली. चौथं कुणालाच आठवेना.

मग मागे बसलेले एक शेतकरी गृहस्थ म्हणाले, "छपरातून माणूस खाली सोडायचा म्हणजे दोऱ्या लागल्या असतील. त्या कशा सोडल्या असतील रे?" आणि मुलाचा चेहराच बदलला. कारण बोअरमध्ये सबमर्सिबल पंप सोडायचं काम तो आठवड्यातून कितीदा तरी करतो. तो उठून हातांनी दाखवायला लागला. एकट्याने घाई करून चालत नाही. एका कोपऱ्याची दोरी जास्त सुटली की बाज कलंडते आणि माणूस घसरतो. चौघांनी एकमेकांकडे बघत, एका लयीत, वीत वीत सोडायचं. वरचे चौघे खाली येशूकडे बघत नसणारच, त्यांची नजर एकमेकांच्या हातांवर असणार. आणि बाजेवरचा माणूस? तो आडवा पडून वर या चौघांकडे बघत असणार.

खोलीत सगळे ऐकत राहिले. शास्त्रात लिहिलं आहे की येशूने त्यांचा विश्वास पाहिला. 'त्यांचा' म्हणजे कुणाकुणाचा, हा प्रश्न त्या मुलाला त्या क्षणी पहिल्यांदा पडला. चार नावांच्या घाईत तो प्रश्न येऊच शकला नव्हता.

पुढच्या शनिवारी त्याने तोच भाग पुन्हा केला. या वेळी पंपच इतका लांबला की त्या गोष्टीतल्या कफर्णहूम गावाला पोचायला निम्मा वेळ गेला. आजींनी सांगितलं, "तुझं दुकान समजलं." मग आम्ही पंप दोन वाक्यांवर आणला. तिसऱ्या खेपेला जे झालं ते बुधवारच्या प्रार्थनासभेत त्याने मांडलं. त्या दिवशी एका वयस्कर बाईंनी त्याला थांबवून विचारलं की घरात अंथरुणाला खिळलेलं माणूस असेल तर चौघे कुठून आणायचे. संदेशानंतर कुणी असा खरा प्रश्न विचारावा, यासाठीच तर आमची सगळी धडपड आहे. त्या बाईंच्या घरी आता तरुण संघातली मुलं आळीपाळीने जातात.

बोलणारा तयार करायचा तर ऐकणारेही तयार करावे लागतात, हे मला या कामातून कळलं. काय ऐकलं ते सांगून झालं की बोलणारा आपल्याला काय म्हणायचं होतं ते सांगतो. या दोहोंत जे अंतर पडतं तिथेच शिकणं आहे. त्यानंतर आम्ही राखण्यासारखी एक गोष्ट आणि बदलण्यासारखी एक गोष्ट सांगतो, जास्त नाही. एका वेळी सात चुका ऐकल्या की मुलगा घरी जातो आणि परत येत नाही. विश्वासाच्या मजकुरात चूक असेल तर मात्र मी ती पाळकसाहेबांकडे नेते. त्यावर मत देण्याचा माझा अधिकार नाही.

सगळ्यात जास्त झगडावं लागतं ते उसन्या आवाजाशी. मोबाइलवर मोठमोठ्या सभांचे व्हिडिओ बघून मुलं तिथला घोगरा चढा सूर, दर वाक्यामागे हालेलुया, मधूनच इंग्रजी, असं सगळं घेऊन येतात. घरी आईशी मृदू बोलणारा मुलगा माइक हातात आला की ओरडू लागतो. आमच्या खोलीत माइक नाही, मी तो मुद्दामच आणू दिलेला नाही. एकदा आपल्या आवाजात, आपल्या नगरी बोलीत, समोरच्या पंधरा माणसांना सांगता आलं की माइक कसा धरायचा ते पाच मिनिटांत शिकता येतं. लांबीचंही तसंच. त्रोवसला पौल मध्यरात्रीपर्यंत बोलत राहिला आणि खिडकीत बसलेला युतुख झोपेने तिसऱ्या मजल्यावरून खाली पडला. पौलाला त्या पोराला उचलायला खाली धावावं लागलं. कॅथलिक मंडळींतही हा विचार चालू आहे. पोप फ्रान्सिस यांनी २०१३ च्या एका दस्तऐवजात प्रवचनाच्या तयारीवर बरीच पानं खर्च केली आणि ते थोडक्यात असावं, व्याख्यान होऊ नये, असं बजावलं.

मुली याव्यात म्हणून मी हट्ट धरला होता. प्रेषितांची कृत्ये, अध्याय १८ मध्ये अपुल्लोस नावाचा मोठा वक्ता आहे. तो उत्साहाने बोलतो, पण त्याला निम्मंच ठाऊक असतं. प्रिस्किल्ला आणि अक्विल्ला हे नवरा-बायको त्याला चारचौघांत टोकत नाहीत. आपल्याकडे घेऊन जातात आणि देवाचा मार्ग अधिक नीट समजावून सांगतात. तरुण उपदेशकाला घडवण्याचा याहून चांगला नमुना मला ठाऊक नाही, आणि त्यात बाईचं नाव आधी येतं. आमच्याकडे नर्सिंग शिकणारी एक मुलगी आहे. बेथेस्दा तळ्याकाठी अडतीस वर्षं पडून असलेल्या माणसावर ती बोलली. मला पाण्यात उतरवायला कुणी नाही, हे त्याचं म्हणणं तिने इतकं अचूक पकडलं, कारण वॉर्डात ती ते रोज ऐकते. पण उदाहरण म्हणून तिने एका पेशंटची हकिगत अशी सांगितली की ऐकणाऱ्यांपैकी कुणीतरी त्याला ओळखलं असतं. तिथे मी थांबवलं. कुणाचंही दुःख त्याच्या परवानगीशिवाय व्यासपीठावर न्यायचं नाही, हा आमच्याकडचा सगळ्यात कडक नियम आहे.

ऊसतोडीचा हंगाम संपून माणसं गावी परतली की मुलांना दोघादोघांनी वस्तीवरच्या घरगुती उपासनेला पाठवतो. येशूनेही शिष्यांना जोडीजोडीने पाठवलं होतं आणि परत आल्यावर त्यांच्याकडून सगळं ऐकून घेतलं होतं. एकाने बोलायचं, दुसऱ्याने लोकांकडे लक्ष ठेवायचं: कोण उठून गेलं, कोण पुढे सरकून बसलं, कुठे लेकराला गप्प करायचं आई विसरली. मयताच्या घरी मात्र सराव नाही. तिथे स्तोत्र वाचायचं, प्रार्थना करायची, आणि कुणी बोलायला सांगितलं तरी वडीलधाऱ्यांकडे बोट दाखवायचं.

सध्या वाइंडिंगवाला मुलगा योनावर काम करतोय. चार अध्यायांचं पुस्तक, आणि ते संपतं देवाने योनाला विचारलेल्या प्रश्नावर: निनवेत एक लाख वीस हजारांहून अधिक माणसं आहेत, गुरंढोरं आहेत, मग मी त्या शहराची कीव करू नये का? योनाचं उत्तर पुस्तकात नाही. मुलाचं म्हणणं, लोकांना उत्तर दिल्याशिवाय खाली कसं बसायचं? मी म्हणते, पुस्तक जिथे थांबतं तिथे थांबून तर बघ. आजी त्याच्या बाजूने आहेत. येत्या शनिवारी दोन्ही प्रकारे करून पाहायचं ठरलं आहे.